व्हॅनचा ओटू सेन्सर बदलायच्या आधी तपासा : तो खरंच गेलाय का?

२०२५मध्ये देशभरातल्या पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, म्हणजे ई२०, मिळायला लागलं आणि जुन्या गाड्यांच्या मालकांच्या तोंडी एकच विषय आला : ॲव्हरेज पडलं. शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या, भाजी वाहणाऱ्या, केटरिंगची पातेली घेऊन फिरणाऱ्या ओम्नी आणि ईको व्हॅन यात आल्याच. डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो, गॅरेजमध्ये स्कॅनर लावतात, स्क्रीनवर बिघाडाचा कोड आणि ऑक्सिजन सेन्सरचं नाव येतं आणि लगेच निदान होतं : ओटू सेन्सर गेला, बदलून टाका. नवा सेन्सर बसतो, काही हजार रुपये जातात आणि बऱ्याचदा थोड्या दिवसांत तोच दिवा पुन्हा लागतो.

सेन्सरचं नाव कोडमध्ये आलं म्हणून दोष सेन्सरचाच असतो असं नाही. अनेकदा सेन्सर धडधाकट असतो आणि इंजिनात किंवा सायलेन्सरच्या पाइपात जे बिघडलंय ते प्रामाणिकपणे सांगत असतो. तो ठीक आहे की नाही हे साध्या डिजिटल मल्टिमीटरने अर्ध्या तासात कळतं. ही तपासणी न करता सेन्सर विकत घेऊ नये.

## हा सेन्सर मोजतो तरी काय?

इंजिनातून जळालेला धूर जिथून बाहेर पडतो त्या मॅनिफोल्डवर किंवा त्याच्या लगेच पुढच्या पाइपावर, स्पार्क प्लगसारखा दिसणारा एक भाग पेचात बसवलेला असतो. त्याच्या टोकाला झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकची छोटी टोपी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा पातळ थर. बाहेरच्या बाजूला धूर लागतो, आतल्या बाजूला आपली साधी हवा असते. साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापलं की हे सिरॅमिक ऑक्सिजनचे आयन आपल्यातून जाऊ देतं. दोन बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये जेवढी तफावत जास्त, तेवढा व्होल्टेज जास्त.

धुरात ऑक्सिजन जवळजवळ नसेल, म्हणजे पेट्रोल जास्त झालं असेल, तर सेन्सर सुमारे ०.९ व्होल्ट देतो. याला रिच म्हणतात. ऑक्सिजन शिल्लक राहिला असेल, म्हणजे पेट्रोल कमी पडलं असेल, तर ०.१ व्होल्टच्या आसपास देतो. याला लीन म्हणतात. मधला ०.४५ व्होल्ट हा सीमेचा आकडा. हवा आणि पेट्रोलचं प्रमाण अगदी नेमकं असेल तर त्याला लॅम्बडा १ म्हणतात, म्हणून याच सेन्सरला लॅम्बडा सेन्सर असंही नाव आहे. १९७६मध्ये व्होल्वोने बॉशचा असा सेन्सर पहिल्यांदा अमेरिकेत विकायच्या गाड्यांवर बसवला. जुन्या व्हॅनमधल्या सेन्सरचं तत्त्व अजून तेच आहे.

या व्याख्येतली एक गोष्ट पुढे सतत लागणार आहे. हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही. तो फक्त उरलेला ऑक्सिजन मोजतो. धुरात ऑक्सिजन कुठून आला, हे त्याला कळत नाही.

## काटा हलता हवा

वाण्याच्या दुकानातला जुना दोन पारड्यांचा तराजू आठवा. काटा फक्त एवढंच सांगतो की कुठलं पारडं जड आहे. किती ग्रॅम जड, ते सांगत नाही. वाणी चिमूटभर टाकतो, काटा पलीकडे जातो, चिमूटभर काढतो, अलीकडे येतो. ओटू सेन्सर हा तो काटा आणि इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, हा तो वाणी. सेन्सर म्हणतो रिच, ईसीएम इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारी तोटी, किंचित कमी वेळ उघडतो. सेन्सर म्हणतो लीन, ईसीएम किंचित जास्त वेळ उघडतो. गरम इंजिनात हे दर सेकंदाला चालू असतं. म्हणून निरोगी सेन्सरचा व्होल्टेज स्थिर नसतो, तो ०.१ ते ०.९च्या मध्ये सारखा झुलत राहतो.

हे झुलणं मुद्दाम ठेवलेलं आहे. सायलेन्सरच्या पाइपातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तीन कामं एकदम करायची असतात : कार्बन मोनॉक्साइड जाळणं, न जळालेलं पेट्रोल जाळणं आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडमधून ऑक्सिजन सोडवणं. लॅम्बडा १च्या अगदी चिंचोळ्या पट्ट्यातच ही तिन्ही कामं नीट होतात. काटा एका बाजूला अडकला की कन्व्हर्टरचं काम बिघडतं आणि सतत रिच चाललं तर तो तापून आतून वितळूही शकतो. कन्व्हर्टरच्या किमतीपुढे सेन्सरची किंमत काहीच नाही.

सेन्सरच्या सांगण्यावरून ईसीएम जी दुरुस्ती करतो तिला फ्युएल ट्रिम म्हणतात. ट्रिम अधिक पाच टक्के असेल तर ईसीएम ठरलेल्या हिशेबापेक्षा पाच टक्के जास्त पेट्रोल सोडतोय. एक ट्रिम क्षणाक्षणाची असते, दुसरी ईसीएमने दिवसेंदिवस शिकून लक्षात ठेवलेली असते. दोघींची बेरीज महत्त्वाची.

## ई२०ने नेमकं काय बदललं?

इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला बाहेरची हवा कमी लागते. एक किलो शुद्ध पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो. वीस टक्के मिश्रणाला हिशेबाने साधारण १३.५ किलो. उलट बाजूने पाहिलं तर तेवढ्याच हवेला ई२० जास्त लागतं : लिटरच्या मापाने शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सात-आठ टक्के आणि ई१०च्या, म्हणजे दहा टक्के मिश्रणाच्या, तुलनेत चार टक्क्यांच्या आसपास.

ही वाढ करायला ईसीएमला कोण सांगतं? ओटू सेन्सरच. टाकीत कुठलं पेट्रोल आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ऑक्सिजन उरला की तो लीन म्हणतो आणि ईसीएम पेट्रोल वाढवतो. सेन्सर शाबूत असलेली जुनी व्हॅन ई२०वर बऱ्यापैकी सुरळीत चालते ती यामुळे. गाडीतल्या रबरी पाइपांचा आणि सीलचा प्रश्न वेगळा आहे, तो सेन्सरने सुटत नाही. ॲव्हरेजमध्ये थोडी घट ही इंधनाचीच आहे. नीती आयोगाच्या २०२१च्या इथेनॉल आराखड्यात, शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि ई१०साठी जुळवलेल्या चारचाकींची इंधनक्षमता ई२०वर सुमारे ६ ते ७ टक्के घटेल, असा अंदाज दिलेला होता. ती घट सेन्सरच्या माथी मारायचं कारण नाही.

गोंधळ होतो तो असा. समजा एका ईकोचे इंजेक्टर अर्धवट चोंदलेले आहेत आणि ईसीएम आधीपासूनच अधिक १५ टक्के ट्रिमवर गाडी हाकतोय. दिवा लागलेला नाही, कारण बहुतेक गाड्यांत ही मर्यादा २० ते २५ टक्क्यांच्या आसपास असते. आता ई२०साठी आणखी काही टक्के लागले. मर्यादा ओलांडली आणि दिवा लागला : पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन. ई२०ने जुनं दुखणं वर आणलं, एवढंच झालं. इथे सेन्सर बदलला तर नवा सेन्सरही तेच सांगणार.

## आधी स्कॅनर काय म्हणतो ते नीट वाचा

बीएस-४ची, म्हणजे भारत स्टेज-४ या प्रदूषण नियमांची, व्हॅन असेल, विशेषतः एप्रिल २०१३ नंतरची, तर ब्लूटूथचा स्वस्त ओबीडी स्कॅनर आणि मोबाइल पुरतो. त्याहून जुन्या काही व्हॅन अशा स्कॅनरला दाद देत नाहीत. त्यांना कंपनीचा किंवा मोठ्या गॅरेजचा स्कॅनर लागतो, नाहीतर थेट मल्टिमीटर.

कोड वाचताना शेवटचे आकडे नीट बघा. पी०१३५ म्हणजे सेन्सरच्या आतल्या हीटरचं सर्किट. यात सेन्सर बाद असू शकतो, पण आधी फ्यूज आणि वायर बघायची. पी०१३३ म्हणजे सेन्सर सुस्त झालाय, हा खऱ्या म्हाताऱ्या सेन्सरचा कोड. पी०१३४ म्हणजे सेन्सरकडून काहीच हालचाल नाही. पी०१३१ आणि पी०१३२ म्हणजे व्होल्टेज सतत कमी किंवा सतत जास्त, इथे वायरही दोषी असू शकते आणि इंजिनही. पी०१७१ आणि पी०१७२, म्हणजे लीन आणि रिच, हे तर सेन्सरबद्दलचे कोडच नाहीत. ते मिश्रणाबद्दलचे आहेत. तरी यांच्यासाठी सर्रास सेन्सर बदलले जातात.

नव्या नियमांच्या गाड्यांत दोन सेन्सर असतात. पहिला कन्व्हर्टरच्या आधी, दुसरा नंतर. मिश्रण सांभाळतो तो पहिला. दुसरा कन्व्हर्टरवर नजर ठेवतो आणि त्याचा व्होल्टेज बऱ्यापैकी स्थिर, ०.६-०.७च्या आसपास असायला हवा. दुसराही पहिल्यासारखाच झुलत असेल तर कन्व्हर्टर थकलाय. पी०१३६ आणि त्याच्या पुढचे काही कोड दुसऱ्या सेन्सरचे आहेत. कोड दुसऱ्याचा आणि बदलला पहिला, असं होता कामा नये.

## मल्टिमीटरने तपासणी

ओम्नी आणि ईको दोन्हींत इंजिन पुढच्या सीटखाली आहे. सीट उचलली की वरून हात पोचतो, सेन्सरपर्यंत पोचायला कधी खालून जावं लागतं. सेन्सर शोधत पाइप चाचपडू नका, एक्झॉस्ट हात भाजण्याइतका गरम असतो. सेन्सरच्या वायरीवरून मागे मागे जात तिचा कप्लर, म्हणजे वायरींचा जोड, गाठा, काम तिथेच करायचं आहे.

सेन्सरला एक ते चार वायरी असतात. चार असतील तर एकाच रंगाच्या दोन वायरी बहुधा हीटरच्या, उरलेल्या दोनांत एक सिग्नलची आणि एक अर्थची. रंग मेकनुसार बदलतात, त्यामुळे त्या मॉडेलचा वायरिंगचा नकाशा मिळाला तर उत्तम.

सुरुवात हीटरपासून करा, इंजिन थंड असताना. कप्लर सोडवा, मीटर ओहमवर ठेवा आणि सेन्सरच्या बाजूच्या हीटरच्या दोन वायरींमध्ये मोजा. मेकनुसार साधारण ४ ते १५ ओहमच्या दरम्यान आकडा येतो. मीटर काहीच दाखवत नसेल, म्हणजे सर्किट तुटलेलं असेल, तर हीटर जळालाय आणि सेन्सर बदलावा लागेल. आकडा ठीक असेल तर इंजिन चालू करून गाडीकडच्या बाजूला बारा व्होल्ट येतात का ते बघा. येत नसतील तर फ्यूज किंवा वायर. ओहमची मोजणी फक्त हीटरच्या वायरींवर करायची. सिग्नलच्या वायरींवर ओहम मोजू नका, मीटर स्वतः करंट सोडतो आणि सेन्सरला ते मानवत नाही.

आता मुख्य परीक्षा. कप्लर पुन्हा जोडा. मीटर डिजिटलच हवा. काट्याचा जुना मीटर सेन्सरवर भार टाकतो आणि आकडाच चुकवतो. मीटर डीसी व्होल्टवर, दोन व्होल्टच्या रेंजमध्ये ठेवा. कप्लरच्या मागून, रबरी सीलच्या कडेने बारीक टाचणी सरकवून सिग्नलच्या वायरीच्या धातूला टेकवा आणि लाल प्रोब तिला लावा. काळा प्रोब सेन्सरच्या अर्थ वायरीला, नाहीतर बॅटरीच्या निगेटिव्हला. वायरीचं प्लॅस्टिक भोसकायचं नाही. यामागचं कारण बऱ्याच अनुभवी मंडळींनाही माहीत नसतं : अनेक सेन्सरना आतल्या बाजूची साधी हवा वायरीच्या तारांच्या फटींतूनच मिळते. वायरीला भोक पाडून त्यात पाणी-तेल गेलं, किंवा वायर सोल्डर करून ती फट बुजवली, तर चांगला सेन्सरही चुकीचं बोलायला लागतो. कप्लरमध्ये ग्रीस भरणंही याच कारणासाठी टाळा.

इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. मग दोनेक मिनिटं २००० ते २५०० आरपीएमवर रेस धरून ठेवा आणि मीटरकडे बघा. आकडा ०.१-०.२ पासून ०.८-०.९ पर्यंत सतत ये-जा करायला हवा. या वेगात दहा सेकंदांत आठेक वेळा तरी झुलला तर सेन्सर चपळ आहे असं धरायला हरकत नाही. मीटर स्वतःच जरा मंद असतो, त्यामुळे प्रत्येक झोका पूर्ण दिसणार नाही. मिन-मॅक्सचं बटण असेल तर ते वापरा. मोबाइलवर आलेखही दिसतो, पण जुन्या गाड्यांतला डेटा इतका सावकाश येतो की त्यावरून सेन्सर सुस्त ठरवणं अन्यायाचं होईल. खरा वेग ऑसिलोस्कोपवर दिसतो, तो मोठ्या गॅरेजमध्ये असतो.

त्यानंतर झटक्याची परीक्षा. स्लोवर चालणाऱ्या इंजिनाला एकदम जोरात रेस द्या आणि सोडा. रेस देताच मिश्रण क्षणभर रिच होतं, आकडा ०.८-०.९ला उसळायला हवा. सोडताच ईसीएम पेट्रोल तोडतो, आकडा ०.१ किंवा त्याखाली पडायला हवा. दोन्हीकडे झटकन गेला तर सेन्सर जिवंत आहे, मग कोड काहीही असो. निम्म्यातच थांबला, ०.३ ते ०.६मध्येच घुटमळला, किंवा रेस दिल्यावर आळोखेपिळोखे देत वर गेला, तर तो थकलाय. ०.४५च्या आसपास जागचा हलतच नसेल तर सेन्सर गप्प आहे किंवा वायर तुटली आहे. काही ईसीएम स्वतःच त्या वायरीवर एवढा व्होल्टेज देऊन ठेवतात आणि मीटरला तोच दिसतो.

एक सावध सूचना. मिश्रण बदलून बघण्यासाठी कार्ब्युरेटर क्लीनरचा किंवा गॅसचा स्प्रे मारण्याची पद्धत आहे. सीटखालच्या त्या कोंदट जागेत, तापलेल्या एक्झॉस्टजवळ ते करू नका. आग लागू शकते. झटक्याच्या परीक्षेतून तेच कळतं.

## सेन्सर खरं सांगतोय, पण ऐकणारा फसतोय

समजा सेन्सर झटक्याच्या परीक्षेत पास झाला, पण एरवी आकडा ०.१-०.२लाच पडलेला असतो. ईसीएमला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो ओततच राहतो. गाडी पेट्रोल खाते, धुराला वास येतो, प्लग काळे पडतात. मालक म्हणतो गाडी रिच चाललीय, मीटर म्हणतो लीन. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

पहिला संशयित एक्झॉस्टची गळती. जुन्या व्हॅनमध्ये मॅनिफोल्डचं गॅस्केट फुंकलेलं असतं, नाहीतर सेन्सरच्या आधीच्या जोडाला गंजून बारीक चीर गेलेली असते. धूर ठोक्याठोक्याने बाहेर पडतो आणि दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी पाइपात ओढ तयार होते. त्या ओढीने बाहेरची हवा चिरेतून आत येते, सेन्सरला ऑक्सिजन दिसतो आणि तो लीन म्हणतो. कोणी तरी पारड्यावर बोट ठेवलंय आणि काटा इमानेइतबारे त्या बोटाचंही वजन सांगतोय. ही गळती स्लोवर जास्त त्रास देते. ओळखायची खूण म्हणजे जोडाभोवतीची काजळी : काळ्या रेघा बाहेरच्या दिशेने पसरलेल्या दिसतात. सकाळी थंड इंजिन चालू करून मागच्या नळकांड्यावर जाड फडकं क्षणभर दाबून धरलं तर चिरेतून फुस्स किंवा टकटक असा आवाज येतो. गॅस्केट काही शेकड्यांत येतं.

दुसरा संशयित मिसिंग. ओम्नीला तीन सिलिंडर आहेत. एकाचा प्लग किंवा कॉइल कमजोर असेल तर त्या सिलिंडरमधली हवा न जळता, ऑक्सिजनसकट बाहेर येते. सोबत न जळालेलं पेट्रोलही येतं, पण सेन्सर पेट्रोल मोजत नाही. तो लीन सांगतो, ईसीएम चांगल्या दोन सिलिंडरांतही पेट्रोल वाढवतो. शंभर-दोनशे रुपयांच्या प्लगपायी सेन्सरचा बळी जातो तो असा.

तिसरा संशयित माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आहे : थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवून ठेवणारी झडप. इंजिन तापतं म्हणून जुन्या व्हॅनचा थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय आपल्याकडे आहे. मग इंजिन लवकर गरमच होत नाही, थंडीत तर नाहीच. थंड इंजिनाला ईसीएम मुद्दाम जास्त पेट्रोल देतो आणि तोवर सेन्सरचं ऐकतही नाही. आकडा ०.८-०.९ला चिकटून बसतो, झुलत नाही. कूलंटच्या तापमानाचा सेन्सर चुकीचं सांगत असेल तरी हेच होतं. स्कॅनरवर कूलंटचं तापमान बघा. वीस मिनिटं चालवूनही ते साठच्या आसपासच असेल तर ओटू सेन्सरला हात लावू नका.

याखेरीज लीनसाठी फ्युएल फिल्टर, पंपाचा दाब आणि इंजेक्टर बघावेत. इथेनॉल टाकीतला जुना चिकटा सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो. रिचसाठी गळका इंजेक्टर आणि प्रेशर रेग्युलेटर.

## सीएनजीवर चालणारी व्हॅन असेल तर?

आधी गाडी पेट्रोलवर घ्या आणि मगच मोजा. बाहेरून किट बसवलेल्या अनेक व्हॅनमध्ये इम्युलेटर नावाची छोटी डबी असते. गाडी गॅसवर असताना पेट्रोलच्या ईसीएमने गोंधळू नये म्हणून ती ओटू सेन्सरचा खोटा सिग्नल तयार करून पाठवते : नियमित, अगदी एकसारखा वर-खाली. इम्युलेटरच्या पलीकडे मीटर लावला तर सेन्सर ठणठणीत दिसेल, प्रत्यक्षात तो केव्हाच बंद पडलेला असला तरी. मोजणी सेन्सरच्या बाजूने, इम्युलेटरच्या आधी करा. त्या जोडकामात सेन्सरची वायर कापून टेप गुंडाळलेली असेल तर ती जागाही तपासा, गळका सिग्नल कितीदा तरी तिथेच असतो.

कारखान्यातून सीएनजीसह आलेल्या ईकोत गॅसवरही ईसीएम सेन्सरचं ऐकतो. तिथे दोन्ही इंधनांवरचे ट्रिम वेगवेगळे बघितले तर फार उपयोग होतो. पेट्रोलवर ट्रिम वाढलेली आणि गॅसवर ठीक असेल तर दोष पेट्रोलच्या बाजूचा, म्हणजे फिल्टर, पंप, इंजेक्टर यांचा. दोन्हींवर बिघडलेली असेल तर एक्झॉस्ट गळती, प्लग किंवा सेन्सर.

## "दिवाच लागत नाही, मग सेन्सर ठीकच ना?"

तसं धरता येत नाही. जुन्या ईसीएमना पूर्ण बंद पडलेला सेन्सर कळतो, हळूहळू सुस्त होत गेलेला उशिरा कळतो, काहींना कळतच नाही. हीटर नसलेला सेन्सर साधारण ५० ते ८० हजार किलोमीटर टिकतो, हीटरवाला एक ते दीड लाखाच्या पुढेही जातो. एवढा पल्ला झालेला असेल आणि ॲव्हरेज कुठल्याही कारणाविना घसरलं असेल, तर दिवा नसला तरी मीटर लावून बघा.

## "काढून पेट्रोलने धुतला, ब्रशने घासला तर?"

काजळीच जमली असेल तर ती घासायची गरज नाही. रिचचं मूळ कारण काढलं आणि गाडी हायवेवर दमदार चालवली की ती जळून जाते. सिलिकॉनचा पांढरा थर, कूलंट गळून आलेला दाणेदार पांढरा थर किंवा जळक्या ऑइलची राख बसली असेल, तर प्लॅटिनमचं छिद्रन् छिद्र बुजलेलं असतं आणि ते ब्रशने मोकळं होत नाही. घासताना वरचं सच्छिद्र आवरण मात्र जातं. पण सेन्सर काढलाच असेल तर त्याचं टोक नीट बघा, ते पुढच्या कामाचा पत्ता देतं. पांढरा दाणेदार थर दिसला तर हेड गॅस्केटकडे वळा. नाहीतर नवा सेन्सरही त्याच विषाने मरेल. गॅस्केटला लावायचा साधा सिलिकॉन सीलंट इंजिनावर वापरूच नका. सेन्सरला चालेल अशी खूण डबीवर असलेलाच घ्या.

## "कप्लर काढून ठेवला तर गाडी चालतेच की!"

चालते, कारण सेन्सर गप्प झाला की ईसीएम पाठ केलेल्या हिशेबावर गाडी हाकतो. पण तो हिशेब अंदाजाचा असतो आणि ई२०चं प्रमाण सांगणारं मग कोणी उरत नाही. पेट्रोल जास्त सोडलं तर कन्व्हर्टर भाजतो, कमी सोडलं तर चढावर पिकअप मरतो. दोन-चार दिवस गॅरेजपर्यंत जायला ठीक. रोज मुलं बसवून चालवायच्या व्हॅनमध्ये हे करू नये, कारण वाढलेला कार्बन मोनॉक्साइड गळक्या जोडातून सीटखालीच साचतो.

## बदलायचाच ठरला तर

इंजिन कोमट असताना सेन्सर सुटतो, पूर्ण थंड असताना पेच चावतो. बहुतेकांना २२ नंबरचा पाना लागतो, वायरीसाठी खाच असलेला सॉकेट मिळाला तर कडा घासत नाहीत. गंजलेल्या पेचावर आधी तेल मारून थांबा. नव्या सेन्सरच्या पेचाला कंपनीनेच ॲन्टिसीज, म्हणजे पेच अडकू न देणारा लेप, लावलेलं असतं, वरून ग्रीस नको. टोकाला बोट लावू नका. वायर कापून जोडायच्या युनिव्हर्सल सेन्सरपेक्षा आपल्या मॉडेलचा कप्लर असलेला सेन्सर घ्या. त्यात चार पैसे जास्त जातात ते वाया जात नाहीत.

बसवून झाल्यावर स्कॅनरने कोड आणि शिकलेली ट्रिम दोन्ही पुसा. जुन्या चुकीच्या सेन्सरकडून शिकलेला हिशेब ईसीएमच्या डोक्यात राहिला तर पहिले काही दिवस गाडी उगाच बिघडल्यासारखी वाटते. मग शहरात आणि मोकळ्या रस्त्यावर मिळून दोन-तीन दिवस चालवा आणि ट्रिमची बेरीज बघा. साधारण अधिक-उणे दहा टक्क्यांच्या आत असेल तर बरं. ई२०मुळे ती किंचित अधिककडे झुकलेली असणारच, जुन्या हिशेबाच्या गाडीत अधिक सात-आठ दिसलं तर घाबरू नका. पंधराच्या पुढे असेल तर मूळ दुखणं अजून तिथेच आहे.

आणि पीयूसी करून घ्या, ती तशीही काढायचीच असते. बीएस-४ पेट्रोल व्हॅनची चाचणी स्लोवर आणि २५०० आरपीएमच्या आसपास अशी दोनदा होते. स्लोवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या आत लागतो. वरच्या आरपीएमवर तो ०.२ टक्क्याच्या आत आणि लॅम्बडा ०.९७ ते १.०३च्या मध्ये लागतो. नुसतं सर्टिफिकेट घेऊन येऊ नका, हे आकडे त्या माणसाला विचारून टिपून ठेवा. गाडी पूर्ण गरम करून जा. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेत आणि लॅम्बडा १च्या जवळ असेल तर सेन्सर, ईसीएम आणि इंजेक्टर ही साखळी चालू आहे. कार्बन मोनॉक्साइड जास्त आणि लॅम्बडाही १.०३च्या वर, असं विचित्र दिसलं तर पेट्रोल ओतलं जातंय आणि हवाही घुसतेय. अशा वेळी खाली वाकून मॅनिफोल्डच्या जोडाभोवतीची काजळी पुन्हा एकदा बघा.